वाचकांचे प्रश्न: तीन हजार मुलांच्या हायस्कूलमध्ये आपलं पोर

ऑगस्ट जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. अमेरिकेतल्या सबर्बमधलं भलंमोठं पब्लिक हायस्कूल, आणि तिथल्या टीम्स, बँड, क्लब यांच्या गर्दीत आपल्या पोराचं कसं होणार. यावेळी त्यातलीच काही पत्रं घेतलीत, लांबलेली होती ती छाटलीत, नावं अर्थातच काढलीत.

प्रश्न: ताई, मुलगा यंदा नववीत जातोय. मिडल स्कूलच्या बास्केटबॉल टीममध्ये होता, पण हे हायस्कूल जवळजवळ तीन हजार मुलांचं आहे आणि सगळे म्हणतात ट्रायआउटला बरीचशी मुलं कट होतात. त्याचं नाव नाही लागलं तर तो मिटूनच जाईल अशी भीती वाटते. काय करू? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर: भीती खोटी नाहीये, पण त्यामागचं गणित एकदा मुलासमोर बसून मांडा, कारण ते त्याला कोणी सांगत नाही. शाळा पाचशे मुलांची असो नाहीतर तीन हजारांची, कोर्टवर उतरणार पाचच जण. व्हार्सिटीत (शाळेची पहिली टीम) बारा-पंधरा, जेव्हीत (दुसरी टीम) तेवढीच, आणि फ्रेशमन म्हणजे नववीची टीम असली तर अजून तेवढी, बास. शाळा सहापट मोठी झाली म्हणून टीम काही सहापट होत नाही. म्हणजे जो मुलगा छोट्या शाळेत आरामात खेळला असता तोच इथे कट होतो, त्याच्या खेळात काहीच कमी नसताना. हे आधी कळलेलं असलं की यादीत नाव नाही दिसलं तरी घाव जरा कमी लागतो. अजिबात लागत नाही असं मी म्हणणार नाही.

आता खरं काम. बास्केटबॉल हा विंटरचा खेळ, त्याच्या ट्रायआउट थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेर) आसपास, आणि तुम्ही मला पत्र लिहिताय जुलैत. मधला अख्खा फॉल मोकळा आहे! त्याला क्रॉस कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब पल्ल्याच्या धावण्यात घाला. बहुतेक शाळांमध्ये हा नो-कट खेळ असतो, येईल त्याला घेतात, रोज प्रॅक्टिस, अंगावर शाळेची जर्सी, आणि मोठ्या शाळेत शंभरावर मुलं एकत्र पळताना दिसतात. शर्यतीची पद्धतही बघण्यासारखी असते: व्हार्सिटीत सात जण पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर मोजायचे, पहिला आला तर एक पॉइंट, दहावा आला तर दहा, आणि ज्या शाळेची बेरीज सगळ्यात कमी ती जिंकली. त्यामुळे पाचव्या नंबरचा पोरगा शेवटच्या शंभर मीटरमध्ये दोघांना मागे टाकतो तेव्हा पहिला आलेला मुलगा सुद्धा दोरीपाशी उभं राहून त्याच्या नावाने ओरडत असतो. बाकीची सगळी जेव्ही रेसमध्ये पळतात, घरी कोणी बसत नाही. स्प्रिंगमध्ये ट्रॅकचंही बहुतेक तसंच.

आणि यातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट अशी की नोव्हेंबर येईपर्यंत त्याला शाळेतली चाळीस-पन्नास मुलं नावाने ओळखत असतात, त्यात सीनियर्स म्हणजे बारावीवालेही आले. तीन हजारांच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत ट्रे घेऊन कुठल्या टेबलावर बसायचं हा प्रश्न पहिल्या महिन्यात ग्रेड्सपेक्षा मोठा असतो हो, आपल्याला घरी बसून ते दिसत नाही. मग बास्केटबॉलला कट झालाच तर तो एकटा नसेल.

एक बारीक पण जीव खाणारी गोष्ट: डॉक्टरांनी सही केलेला स्पोर्ट्स फिजिकलचा फॉर्म. तो शाळेत मंजूर झाल्याशिवाय कोच पोराला पहिल्या दिवशी मैदानावर पाऊल ठेवू देत नाही, रडलात तरी नाही, आणि ऑगस्टमध्ये पीडियाट्रिशियनची अपॉइंटमेंट मिळत नाही. आजच फोन करा.

प्रश्न: मी नातवाकडे उन्हाळा-पावसाळा राहायला आलो आहे. शाळा अडीचला सुटते असे सून सांगते, परंतु मुलगा सहाच्या आत घरात दिसत नाही. विचारले तर म्हणतो "क्रू होता". हे काय प्रकरण आहे? (एक आजोबा, सध्या मुक्काम मिशिगन)

उत्तर: आजोबा, काळजी करू नका, पोरगं नाटकवाल्यांच्यात आहे. स्टेज क्रू म्हणजे पडद्यामागची मंडळी, सेट उभा करणारी, लाइट आणि साउंड सांभाळणारी. इथे शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोरं सुतारकाम शिकतात, करवत चालवतात, काळे कपडे घालून अंधारात दहा-बारा सेकंदांत अख्खं घर स्टेजवरून हलवतात. साधारण एक नाटक फॉलमध्ये असतं आणि एक म्युझिकल स्प्रिंगमध्ये. मुक्काम वाढवता आला तर प्रयोगाला जाऊन बसा, आणि नट सोडून सेट बदलताना बघा. नंतर त्याला "दुसऱ्या अंकातला जिना तू ढकललास ना?" असं विचारा. तो सहाला घरी येऊन तुमच्याशी तासभर बोलेल, लिहून घ्या.

प्रश्न: आमची मुलगी टेक्ससमध्ये दहावीत आहे, मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. उन्हाळाभर कॅम्प, रोज प्रॅक्टिस, शुक्रवारी फुटबॉलची मॅच, शनिवारी कॉन्टेस्ट. केमिस्ट्री काठावर आलीये. मी बँड सोड म्हणालो तर दोन दिवस जेवली नाही. वेळेचा नुसता चुराडा आहे हा असं माझं स्पष्ट मत आहे. (एक बाबा, डॅलसजवळून)

उत्तर: मत तुमचं आहे, पण निदान नियम माहीत करून मग भांडा. टेक्ससमध्ये १९८४ च्या कायद्यापासून "नो पास, नो प्ले" आहे. ग्रेडिंग पिरियडच्या शेवटी कुठल्याही विषयात ७० च्या खाली गेली की कमीत कमी तीन आठवडे कॉन्टेस्ट बंद (एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वगैरे काही कोर्सना सूट असते, तिचा केमिस्ट्रीचा कोर्स त्यात बसतो का ते कौन्सेलरला विचारा). प्रॅक्टिसला जाता येतं, परफॉर्म करता येत नाही. म्हणजे केमिस्ट्रीचा धाक तुम्ही घालायची गरजच नाही, बँड डायरेक्टर तुमच्याआधी तिच्या मागे लागेल, कारण तिची जागा मोकळी राहिली तर फील्डवर सरळ भोक दिसतं. बऱ्याच बँडमध्ये सीनियर मुलंच ज्युनियर मुलांची ट्युटोरिंग घेतात, ते आहे का बघा.

दुसरं, शाळेच्या वेळेबाहेरची प्रॅक्टिस शाळेच्या आठवड्यात ८ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शाळांच्या स्पर्धा चालवणाऱ्या राज्याच्या यूआयएल संस्थेचा नियम. मॅच आणि कॉन्टेस्ट त्यात मोजत नाहीत, त्यामुळे तुम्हाला ते आठाचे अठरा वाटतात हे मान्य. पण बँड हा वेळापत्रकातला विषय आहे, त्याचं फाइन आर्ट्सचं क्रेडिट मिळतं, आणि टेक्ससमध्ये मार्चिंग बँड पीईच्या (शारीरिक शिक्षण) जागीही धरता येतो. सोडला तर ते तास तिला दुसरीकडे भरून काढावे लागतील, हा हिशोब केलाय का?

आणि एकदा तिच्याकडची ड्रिलची वही मागून बघा. प्रत्येक मुलाला फील्डवरचे स्वतःचे बिंदू दिलेले असतात, अमुक यार्ड लाइनपासून इतकी पावलं बाहेर, मागच्या हॅशपासून (मैदानावर आखलेल्या खुणांची रांग) इतकी पुढे, आणि पाच यार्डात बरोबर आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं, ना कमी ना जास्त. असे पन्नासच्या वर बिंदू पाठ, वर क्लॅरिनेट वाजवायचं, वर खाली बघायचं नाही, टेक्ससच्या उन्हात. तुमच्याच भागातल्या ॲलन हायस्कूलच्या बँडमध्ये सहाशेवर मुलं असतात, ती सगळी एका वेळी वळतात तेव्हा बघा आणि मग चुराडा म्हणा. जी मुलगी हे करते तिला केमिस्ट्री झेपत नाही असं मला वाटत नाही, तिला झोप पुरत नसेल. फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात ठेवायचा एवढं करून बघा आधी.

प्रश्न: कॉलेजसाठी नक्की किती क्लब लागतात? माझी मुलगी इलिनॉयला नववीत आहे, क्लब फेअरच्या दिवशी तिने नऊ क्लबांत नाव घातलं. मैत्रिणीची मुलगी अकरा क्लबांत आहे. आम्ही कॉलेजचा विचार अजून करत नाही पण माहिती असावी म्हणून विचारते. (एक आई)

उत्तर: ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, नववीच्या पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या मनात कॉलेज असतं! उत्तर देते. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावर, ॲक्टिव्हिटीजसाठी १० जागा असतात, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० कॅरेक्टर्स, अक्षरं नि स्पेस धरून. सोबत विचारतात कुठल्या इयत्तांमध्ये केलं, आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे. आता नऊ क्लबांपुढे तास लिहायला बसा. नऊ ठिकाणी "आठवड्याला अर्धा तास" असं लिहिलेलं वाचणाऱ्याला काय दिसणार? एक ना धड भाराभर चिंध्या.

मोठ्या शाळेत शंभरच्या वर क्लब असतात आणि त्यातले बरेच फक्त ईमेलवर जिवंत असतात, हे क्लब फेअरच्या टेबलावर कळत नाही कारण त्या दिवशी सगळीकडेच कँडी असते. चाचणी सोपी आहे: मुलगी दोन आठवडे गेली नाही तर कोणी विचारेल का, कुठे होतीस? जिथे विचारतील तो क्लब ठेवायचा. रोबोटिक्सच्या टीममध्ये विचारतात, कारण जानेवारीत किकऑफला नवा गेम जाहीर होतो आणि मग काही आठवडे सगळ्यांचं जेवणखाण वर्कशॉपमध्येच चालतं. डिबेटमध्ये पार्टनर असतो, तो विचारतोच. सायन्स ऑलिम्पियाडची टीम १५ जणांची, त्यात बारावीची जास्तीत जास्त ७, म्हणजे नववी-दहावीच्या मुलांना जागा ठेवावीच लागते, हे नवख्या मुलांसाठी फार चांगलं आहे. तुमच्या मुलीला वनस्पती, खडक, पूल बांधणं असलं काही आवडत असेल तर आधी तिकडे पाठवा.

नॅशनल ऑनर सोसायटी या हुशार मुलांच्या संस्थेचं बऱ्याच पालकांना वाटतं की नाव घातलं की झालं. तसं नाही. नववीत घेत नाहीत, किमान ३.० जीपीए (ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी) लागतो (खूप शाळांनी तो आणखी वर नेलाय), सेवा आणि वागणूक बघून शिक्षकांची समिती निवडते. आत्ता त्याचा घोर नको.

नवा क्लब काढायचा विचार असेल, तर हक्क आहे. शाळेने अभ्यासाशी संबंध नसलेला एक जरी क्लब चालू दिला असेल तर १९८४ च्या फेडरल कायद्याप्रमाणे विषय आवडला नाही म्हणून दुसऱ्याला नाकारता येत नाही. वेळ देणारा एक शिक्षक शोधावा लागतो, आणि तेच अवघड, कारण त्या बिचाऱ्यांकडे दर सप्टेंबरला स्वतःला प्रेसिडेंट म्हणवून घ्यायला क्लब काढणारी पोरं रांगेत असतात आणि त्यांना ती लांबून ओळखू येतात.

दोन ठेवा, फार तर तीन. कुठले ते मुलगीच ठरवेल, मैत्रिणीच्या मुलीची यादी घरात काढू नका.

प्रश्न: मुलीला रेसलिंग करायचंय. नवऱ्याला पसंत नाही. मला डोक्याला लागण्याची भीती. (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर: नवऱ्यांना सांगा की जानेवारी २०२५ मध्ये कॉलेजच्या खेळांची संस्था एनसीएएने मुलींच्या रेसलिंगला चॅम्पियनशिपचा दर्जा दिला, त्यामुळे हे काही पोरखेळ राहिलेलं नाही. तुमची भीती रास्त आहे. कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का) कायदा आता प्रत्येक राज्यात आहे, पहिला वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला: संशय आला की त्याच क्षणी मॅटवरून बाहेर, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत नाही. मी तुमच्या जागी असते तर कोचला दोनच गोष्टी विचारल्या असत्या, प्रॅक्टिसला ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो का, आणि वजन उतरवण्याबद्दल तुमचं धोरण काय. सीझनच्या आधी हायड्रेशनची टेस्ट करून प्रत्येक मुलीचं कमीत कमी वजन ठरवतात, त्याखालच्या गटात खेळता येत नाही. कोच यावर गडबडला तर थांबा. नाहीतर करू दे.

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या पब्लिक स्कूलमध्ये आहोत. चिअर आणि बँड दोन्हीकडून "फेअर शेअर" म्हणून शेकडो डॉलर्स भरा असे ईमेल आलेत. नाही भरले तर मुलींना काढतील का? (एक बाबा)

उत्तर: काढू शकत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सांगितलंय की राज्यघटनेतलं फुकट शिक्षण म्हणजे एक्स्ट्राकरिक्युलरसुद्धा, गाणं, नाटक, खेळ सगळं, त्याची फी घेता येत नाही आणि "परवडत नसेल तर माफ करू" हाही मार्ग चालत नाही. देणगी मागू शकतात, तीही ऐच्छिक. बाकीच्या बऱ्याच राज्यांत मात्र ॲक्टिव्हिटी फी कायदेशीर आहे, तिथल्या वाचकांनी यावरून शाळेत जाऊन भांडू नये, फी वेव्हरचा फॉर्म मागावा, तो सहसा फ्री-रिड्यूस्ड लंचच्या (कमी उत्पन्नाच्या घरांना फुकट किंवा स्वस्तात शाळेचं जेवण) पात्रतेशी जोडलेला असतो.

पण बसेस, कॉस्च्युम, बाहेरचे इन्स्ट्रक्टर यांचा खर्च खरा असतो आणि तो बूस्टर क्लबचे, म्हणजे टीम-बँडसाठी पैसे जमवणाऱ्या मंडळाचे, पालक उचलतात. जमेल तेवढे द्या, पैसे नसतील तर शुक्रवारी रात्री मॅचच्या खाऊच्या स्टॉलवर नाचोजवर चीज ओता, माणसं नेहमी कमी पडतात. आणि चेक लिहिण्याआधी तो ईमेल पुन्हा वाचा. त्यात "ऐच्छिक" असं कुठेच लिहिलेलं नसेल तर डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर युनिफॉर्म कम्प्लेंटचा, म्हणजे तक्रारीचा, फॉर्म असतो, तो भरा. निनावी भरला तरी चालतो.