इंजेक्शनने भूकच लागेना, आता शरीर आतून बिघडेल का?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून लातुरात मधुमेह आणि स्थूलतेच्या रुग्णांशी आहाराबद्दल बोलताना एक प्रश्न सारखा कानावर येतो. माणूस औशाचा असो, अहमदपूरचा असो की अंबाजोगाईचा, विचारतो तेच: भूक मारून वजन उतरवलं, तर चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जा खर्च करण्याचा वेग, कायमचं मंदावणार नाही ना? त्याचं उत्तर एका शिक्षिकेच्या निमित्ताने देते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय चव्वेचाळीस, वजन ९२ किलो, मधुमेह सहा वर्षांपासून. डॉक्टरांनी आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं (वेगोवीत असतं तेच औषध) इंजेक्शन सुरू केलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्या सासूबाईंना घेऊन आल्या. वजन आठ किलोने उतरलं होतं, पण चेहरा ओढलेला.

"ताई, भूकच लागेना बघा. केस गळायलेत, शाळेचा जिना चढताना पाय थरथरायलेत. पण वजन उतरायलंय म्हणून मी गप्प बसले."

सासूबाईंचं दुःख वेगळं होतं. "माझ्या हातची भाकर परत सारायलीय ही. आमच्या घरात ताट असं कुणी सोडलं नाही."

दिवसभराचं खाणं मी लिहून घेतलं. सकाळी दोन चहा आणि चार बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी आणि चमचाभर भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री कधी केळं तर कधी काहीच नाही. बेरीज ७०० कॅलरीच्या आसपास आली. त्यांना वाटत होतं, औषध चरबी जाळतंय आणि आपण कमी खाऊन त्याला हातभार लावतोय. हा गैरसमज घरोघरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

औषध चरबी जाळत नाही. जेवण आतड्यात पोचलं की आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. 'आता पुरे' हा निरोप मेंदूला देणं, जठर हळूहळू रिकामं होऊ देणं आणि साखर वाढलेली असेल तेव्हा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणं, ही त्याची कामं. शरीरातलं जीएलपी-१ दोन-चार मिनिटांत मोडून जातं. सेमाग्लुटाइड मात्र तेच काम आठवडाभर करत राहतं. मौंजारोतलं टिर्झेपॅटाइड जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. वजन उतरतं ते मुख्यतः खाणं कमी झाल्यामुळे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सेमाग्लुटाइडवर बारा आठवडे असलेल्या लोकांना हवं तेवढं खायला दिलं, तेव्हा त्यांनी सुमारे २४ टक्के कमी कॅलरी घेतल्या. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यात मात्र स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरल्यावर फरक दिसला नाही.

म्हणजे चयापचय औषधाने बिघडत नाही. ते थोडं खाली येतं, कारण ८४ किलोच्या शरीराला ९२ किलोच्या शरीराइतकं इंधन लागत नाही. डाएट करून वजन उतरवलं तरी हेच होतं. पण वजनाबरोबर स्नायू फार गेले तर हा खर्च आणखी घटतो, आणि बाईंच्या थरथरणाऱ्या पायांमागे मला तीच शंका होती. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. त्यातल्या ज्या लोकांची शरीररचना मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात जवळजवळ चाळीस टक्के वाटा चरबीचा नव्हता.

२४ टक्के कमी म्हणजे दोन हजारांचे साधारण दीड हजार. सातशे नव्हे. भूक लागत नाही म्हणून शरीराची गरज संपत नाही. भूक शांत असताना काय खायचं हे ठरवून खावं लागतं, कारण आठवण करून द्यायला पोट ओरडत नाही.

बोलता बोलता एक काळजीची गोष्ट निघाली. एकादशीला त्यांना दरदरून घाम सुटला होता, हात कापले होते. औषधांच्या चिठ्ठीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होतं, दोन्ही मधुमेहाच्या गोळ्या. या इंजेक्शनसोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि वर उपवास घडला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस उतरवला आणि तूर्त निरंकार उपवास बंद करायला सांगितलं.

ताटाबद्दल सासूबाईंशीच बोलले, कारण चूल त्यांच्या हातात. आपल्याकडे भाकरी वरणात कुस्करून खातात. चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाचं पोट त्या भाकरीनेच भरतं. म्हणून क्रम बदलला: आधी वाटीभर घट्ट वरण किंवा दोन अंडी, मग भाजी, शेवटी जाईल तेवढी भाकरी. एका वाटी वरणात पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. बाईंची गरज साधारण साठ ग्रॅमची, म्हणजे नुसत्या वरणावर भागणार नव्हतं. सोयाबीन आपल्या रानात पिकतं, पण ताटात फारसं येत नाही. ५० ग्रॅम सुक्या सोयावड्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. (किडनीचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.) तेलाचा तवंग असलेली येसराची आमटी काही दिवस बाजूला ठेवली, तिने मळमळ वाढत होती. आठवड्यातून तीन दिवस घरीच पाण्याच्या बाटल्या उचलायचा व्यायाम. आणि पाणी: आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तहानेची वाट बघत बसू नये, उलट्या-जुलाब असतील तर मुळीच नाही. पोटात तीव्र, पाठीत जाणारी कळ आली तर थेट दवाखाना.

सासूबाई बाहेर गेल्यावर बाई रडल्या. "ताई, आयुष्यभर ऐकलंय की माझ्या तोंडाला लगाम नाही. पहिल्या महिन्यात डोक्यातलं खाणं-खाणं थांबलं, तेव्हा कळलं बाकीच्यांना कसं वाटत असेल. आता वाटतं, मी फसवणूक करायलेय."

मी त्यांना सांगितलं, आणि मला ते मनापासून वाटतं: ज्याच्या मेंदूत भुकेचा निरोप सतत वाजत असतो आणि ज्याच्या मेंदूत वाजत नाही, त्या दोघांच्या संयमाची बरोबरी लावणं अन्यायाचं आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण फसवा म्हणत नाही.

औषध थांबवलं तर काय, हेही त्यांनी विचारलं. २०२१ च्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं होतं, कारण भूक परत येते. खर्च पेलत नाही म्हणून मध्येच परस्पर सोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला, एवढं मी ठासून सांगितलं.

पुढच्या भेटींत खाणं हळूहळू १३०० कॅलरीपर्यंत आलं. वजन उतरण्याचा वेग मंदावला, त्या जरा नाराज झाल्या, पण जिना न थांबता चढू लागल्या. केसांना वेळ लागेल. वजन झपाट्याने उतरलं की केस गळतात, आणि ते सावरायला काही महिने जातात. इंजेक्शन किती काळ चालू ठेवायचं, हे त्या आणि त्यांचे डॉक्टर पुढच्या तपासण्या बघून ठरवणार आहेत.