‘आय एट द ग्राउंड’ : फारसी बोलणारीला इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी इराणी मुलगी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिने तीनशे इंग्रजी म्हणी-वाक्प्रचारांची यादी उतरवून घेतली आहे आणि रोज वीस पाठ करते. तरीही बोलताना एक तर फारसीचं शब्दशः इंग्रजी करते, नाहीतर पाठ केलेली म्हण भलत्याच ठिकाणी वापरते. तिला मदत करायची तर याच यादीवरून पुढे जायचं का?

यादी आजच बाजूला ठेवायला सांगा. पुण्यात बारा वर्षं मी इराणी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही याद्याच वाटत होते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते आहे. तिच्याकडे वाक्प्रचारांची कमतरता नाही. फारसी ही वाक्प्रचारांनी ओथंबलेली भाषा आहे आणि दिवसभरात ती शेकडो वापरत असेल. तेव्हा सुरुवात इंग्रजीच्या यादीपासून न करता ती फारसीत काय म्हणते तिथून करा.

मला हे शिराजच्या एका विद्यार्थिनीने शिकवलं. एका सकाळी ती कोपराला पट्टी बांधून आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “ओस्ताद, आय एट द ग्राउंड.” फारसीत पडणं म्हणजे ‘जमीन खोर्दन’, जमीन खाणं. मी चूक दुरुस्त करून पुढे जाणार होते, पण थांबले आणि विचारलं, “फारसीत तुम्ही आणखी काय काय खाता?” तिने वहीच्या डाव्या बाजूला लिहायला घेतलं. सर्मा खोर्दन, थंडी खाणं, म्हणजे सर्दी होणं. शेकस्त खोर्दन, म्हणजे हरणं. गूल खोर्दन, म्हणजे फसणं. कसम खोर्दन, कोतक खोर्दन. कोतक म्हणजे मार, तेव्हा तो तर आपण मराठीतही खातो! कुणी बोलून बोलून वैताग आणला की इराणी माणूस म्हणतो, “सरम-ओ खोर्दी”, माझं डोकं खाल्लंस. मी तिला आपलं भाव खाणं, कच खाणं आणि हाय खाणं सांगितलं, तेव्हा ती पट्टीचा हात विसरून टाळ्या वाजवायला लागली.

मग उजव्या बाजूला इंग्रजी भरलं : फॉल, कॅच अ कोल्ड, लूज, फॉल फॉर इट, स्वेअर, गेट बीटन. डावीकडे सगळीकडे एकच ‘खाणं’, उजवीकडे जवळजवळ प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद. ते पान पाहिल्यावर तिला जे कळलं ते माझ्या सहा महिन्यांच्या याद्यांनी कळलं नव्हतं. तिने पुन्हा कधीही जमीन खाल्ली नाही.

असंच दुसरं पान ‘जदन’चं करा. जदन म्हणजे मारणं. जंग जदन, घंटा मारणं, म्हणजे फोन करणं. हर्फ जदन, अक्षर मारणं, म्हणजे बोलणं. चश्मक जदन म्हणजे डोळा मारणं. लाफ जदन म्हणजे बाता मारणं. आणि माझं सगळ्यात लाडकं, गप जदन : थेट आपलं गप्पा मारणं. इथे मराठी माणूस जे समजावू शकतो ते इंग्लंडहून आलेल्या शिक्षकाला जमणार नाही. गप्पा मारताना कुणाला मार लागत नाही, हे तिला आणि तुम्हाला दोघांनाही जन्मापासून ठाऊक आहे. क्रियापदाचा मूळ अर्थ विरून जातो आणि शेजारच्या शब्दाबरोबर नवा अर्थ तयार होतो. इंग्रजीतलं पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ नेमकं असंच चालतं. फरक इतकाच, की फारसीत नाम आधी येऊन अर्थाचा भार उचलतं, तर इंग्रजीत मागे लागलेलं ऑफ, आउट, अप अर्थ फिरवतं.

म्हणींच्या आधी इंग्रजीतली ही दोन-तीन शब्दांची जोडक्रियापदं पक्की करून घ्या. इराणी विद्यार्थी ती टाळतात. त्यांचं शब्दसंग्रहाचं शिक्षण बहुतेक पुस्तकी शब्दांवर झालेलं असतं. इराणमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या कुणालाही ‘५०४’ म्हणा, लगेच ओळखेल. ५०४ अत्यावश्यक शब्दांचं ते अमेरिकी पुस्तक तिकडे घरोघरी असतं. सोबत लाइटनरचा डबाही असतो. शब्दांच्या चिठ्ठ्या पाच कप्प्यांत पुढे सरकवत पाठ करायची ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२मध्ये मांडली. दोन्ही चांगलीच आहेत, पण परिणाम असा होतो की मुलगी ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज’ म्हणते आणि तिच्या तोंडी ‘पुट अप विथ’ कधीच येत नाही. व्याकरणात चूक नसते, पण ऐकणाऱ्याला कुणी अर्ज वाचून दाखवतंय असं वाटतं. लाइटनरचा डबा राहू द्या. फक्त चिठ्ठीवर सुटा शब्द न लिहिता अख्खं वाक्य लिहायला सांगा.

आता म्हणी. काहींमध्ये चित्र तेच असतं, त्यांच्यावर वेळ घालवू नका. फारसीत म्हणतात, भिंतीला उंदीर असतो आणि उंदराला कान असतात. इंग्रजीत भिंतींनाच कान, मराठीतही तसंच. जखमेवर मीठ तिन्ही भाषांत चोळतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणंही तिन्हीकडे आहे. या तिला एकदा ऐकवल्या की पुरे.

चित्र वेगळं आणि अर्थ तोच, अशा म्हणींवर मात्र निवांत बसा, कारण त्यांतून दोन्ही देश दिसतात. कोळशाच्या खाणींच्या न्यूकॅसलला कोळसा नेणं, या इंग्रजी म्हणीला फारसी जोड आहे ‘जीरे बे केर्मान बोर्दन’, केर्मानला जिरं नेणं. केर्मानचं जिरं इराणभर नावाजलेलं. माझ्या वर्गात एक केर्मानचा मुलगा होता. न्यूकॅसलची गोष्ट अर्धी सांगून झाली होती, तोच तो उठून उभा राहिला आणि सगळ्या वर्गाला फारसीत ती म्हण ओरडून सांगितली. मला पुढे काही समजावावं लागलंच नाही. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’साठी फारसीत साप चावलेला माणूस काळ्या-पांढऱ्या दोरीला घाबरतो, आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. अंडी उबायच्या आधी पिल्लं मोजू नका, असं इंग्रज सांगतो. इराणी म्हणतो, पिल्लं शरद ऋतूच्या शेवटी मोजतात. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा तिकडे मांजर होतो : मांस हाताला लागलं नाही की वास येतो म्हणतं.

एका जागी मात्र जपा, कारण तुम्ही मराठीतून समजावायला गेलात तर तुम्हीच तिला चुकवाल. ‘येक दस्त सेदा नदारद’, एका हाताला आवाज नसतो. आपण लगेच म्हणणार, अरे, ही तर आपलीच, एका हाताने टाळी वाजत नाही! शब्द जवळजवळ तेच, पण आपण ती भांडणात वापरतो, दोष दोघांचाही आहे म्हणून. इराणी माणूस ती मदत मागताना म्हणतो : एकट्याने होणार नाही, सगळे हात लावा. इंग्रजीत आपल्या म्हणीला ‘इट टेक्स टू टँगो’ चालेल, तिच्या म्हणीला मुळीच नाही. तिला ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ जवळची. मी एका गटकार्यात ही गल्लत केली होती आणि दोन मुली आपल्यावर ठपका आला असं समजून दिवसभर गप्प होत्या. त्यानंतर प्रत्येक म्हणीपुढे मी विचारायला लागले, “ही कोण म्हणतं, कुणाला आणि कधी?” हा प्रश्न अर्थापेक्षा मोठा आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट तिला समजावून सांगावी लागेल आणि ती थोडी हिरमुसेल. इराणमध्ये बोलता बोलता म्हण किंवा शेर पेरणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. फारसी कवी सादीने ‘गुलिस्तान’ १२५८मध्ये लिहिलं आणि त्यातली वाक्यं आजही लोकांच्या तोंडी आहेत. कोशकार अली अकबर देहखोदांनी गोळा केलेल्या म्हणी-वचनांचे चार खंड भरले. अशा घरातून आलेल्या मुलीला साहजिकच वाटतं की इंग्रजीतही म्हण टाकली की बोलणं उजळेल. पण आजच्या इंग्रजी बोलण्यात पंचविशीतल्या मुलीने अख्खी म्हण म्हटली की ती उपदेश करते आहे असं वाटतं. तिथले लोक म्हण अर्धीच सोडतात : “वेल, टू मेनी कुक्स...” आणि खांदे उडवून गप्प. (फारसीत स्वयंपाकी दोन झाले की आश, म्हणजे घट्ट सूप, एक तर खारट होतं नाहीतर अळणी.) म्हणून म्हणी ऐकून ओळखता याव्यात इतकंच ठेवा. बोलायला लहान वाक्प्रचार आणि जोडक्रियापदं. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ तर यादीतून खोडूनच टाका. जोराच्या पावसाला ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. फारसीतला घोड्याच्या शेपटासारखा पाऊस तिने घरी फोनवर वापरावा.

शब्दांबद्दल थोडं. फारसीत फ्रेंच शब्द खूप आहेत आणि ते इंग्रजीच आहेत असं विद्यार्थ्यांना वाटतं. ‘शान्स’ म्हणजे फारसीत नशीब, म्हणून ‘आय हॅव नो चान्स’ म्हणताना तिला ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणायचं असतं. ‘कोमोद’ म्हणजे कपड्यांचं कपाट. कोथरूडला खोली घेतलेल्या एका विद्यार्थिनीने मालकीणबाईंना सांगितलं, “आँटी, माय क्लोद्स डोन्ट फिट इन द कमोड.” बाई घाबरून बाथरूमकडे धावल्या. मजा अशी की जुन्या फर्निचरच्या इंग्रजीत कमोड म्हणजे खणांचं कपाटच. पण पुण्यात तिने वॉर्डरोब म्हणावं हे बरं.

तिचा हुरूप वाढवायचा असेल तर उलट दिशेने गेलेले शब्द दाखवा. पायजमा, शाल, बाजार, कॅरव्हान हे इंग्रजीने फारसीकडून घेतले. बुद्धिबळातलं चेकमेट म्हणजे शाह मात, आपलं शह-मात. पॅराडाइजचं मूळही प्राचीन इराणी भाषेतलं. हे शब्द तिच्याइतकेच तुमच्याही ओळखीचे आहेत, आणि त्याला पुण्यात जुनी परंपरा आहे : कवी माधव ज्युलियन म्हणजे माधवराव पटवर्धन फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत आणि त्यांनी १९२५मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. फक्त ओळखीच्या शब्दांवर डोळे मिटून विश्वास नको. ‘गुस्से’ फारसीत दुःख आहे, राग नव्हे. ‘खस्ते’ म्हणजे थकलेला.

त्या खस्तेवरून आठवलं, रोजच्या काही वाक्यांना इंग्रजीत शब्दशः जोडच नाही. काम करणाऱ्याला इराणी माणूस ‘खस्ते नबाशीद’ म्हणतो, थकू नका. इंग्रजीत ‘डोन्ट बी टायर्ड’ म्हटलं तर आज्ञा केल्यासारखं होतं. नुसतं ‘थँक्स, टेक केअर’ म्हणून निघावं. ‘देलम बरात तंग शोदे’, मन तुझ्यासाठी तंग झालं, याला साधं ‘आय मिस यू’. ‘माय हार्ट इज टाइट’ म्हटलं तर समोरचा डॉक्टरला बोलावेल. ‘जाये शोमा खाली’, तुमची जागा रिकामी होती, याला मात्र सुंदर जोड आहे : ‘यू शुड हॅव बीन देअर’. घरच्यांपासून दूर राहणाऱ्या मुलांना ही वाक्यं पहिल्यांदा लागतात, म्हणून ती यादीतल्या कुठल्याही म्हणीपेक्षा आधी शिकवा.

आयेल्ट्सचं म्हणाल तर बोलण्याच्या परीक्षेत सात बँडच्या निकषात कमी रुळलेले आणि वाक्प्रचारी शब्द काही प्रमाणात वापरता येणं अपेक्षित आहे, आणि त्यात थोडी चुकलेली निवडही चालते. याचा अर्थ म्हणी कोंबा असा नाही. ‘आय एंडेड अप टेकिंग अ रिक्षा’ एवढं सहज आलं तरी ते तिच्या बाजूने जातं. निबंधात मात्र बोलीतले वाक्प्रचार नकोत.

आठवड्याला पाच वाक्प्रचार, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक वाक्प्रचार लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, पाहावा. जुनाट किंवा अनौपचारिक असेल तर तिथे तशी खूण असते. मग यूग्लिश या व्हिडिओंतली वाक्यं शोधून देणाऱ्या वेबसाइटवर तो खऱ्या माणसांच्या तोंडून तीनदा ऐकावा आणि चौथ्यांदा स्वतः बोलावा. वहीत डावीकडे फारसी, मध्ये प्रसंग, उजवीकडे इंग्रजी. मधला रकाना रिकामा राहिला तर उजवा भरायचा नाही.

येत्या शनिवारी तिला चहाला बोलवा. कप हातात दिलात की ती बहुधा म्हणेल, ‘दस्तेतुन दर्द नकोने’, तुमचा हात दुखू नये. दस्त हा आपल्या दस्तखतातलाच. तुम्ही तिला म्हणा, ‘सरेत दर्द नकोने’, तुझं डोकं दुखू नये. तिच्या घरी हेच उत्तर देतात. मग वही उघडा, हे वाक्य डावीकडे लिहून घ्या आणि विचारा, लंडनमध्ये कुणी चहा दिला तर तू काय म्हणशील?