बाबा अजून सांगतात, ‘ती खेळते’

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही पुण्याची मुलगी, वय ३१. आठव्या वर्षापासून पहाटे बाबांच्या स्कूटरवर मागे बसून टेनिसला जायची. पुढे नऊ वर्षं १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा खेळत देशोदेशी फिरली, जागतिक क्रमवारीत चारशेच्या घरात पोचली आणि मग खांद्याने साथ सोडली. गेली दोन वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मुलींच्या संघाची सहायक प्रशिक्षक आहे. तिच्या खेळासाठी बाबांनी पीएफ मोडला होता. लग्नाकार्यात ते अजून सांगतात, ‘ती खेळते.’ गेल्या महिन्यात सामना हरून आलेल्या एका खेळाडूला हिने दुसऱ्याच दिवशी सरावाच्या सेटमध्ये ६-० हरवलं. पोरगी रडत निघून गेली. पत्राचा शेवट असा: ‘मावशी, मला जिंकून बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटतेय.’

आधी त्या पोरीचं बघू. तिची माफी माग. ‘तू खचली होतीस आणि मी माझ्यासाठी खेळले, ते चुकलं,’ एवढंच म्हण. पुढे ‘पण’ जोडू नकोस. वीस वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाने अशी सरळ माफी मागितलेली क्वचितच ऐकायला मिळते.

आता तुझं. तू खेळणं कधी थांबवलंस, हे पत्रात कुठेच नाही. शोधून पाहिलं. एका स्पर्धेत नाव घातलं नाहीस, मग पुढच्या, मग नोकरी आली. निरोप असा झालाच नाही. म्हणून तुझ्यातली खेळाडू अजून सामना शोधते आहे, आणि समोर उभ्या असतात तुझ्याच विद्यार्थिनी. तू वाईट प्रशिक्षक आहेस असं मला वाटत नाही. तुझं एक वाक्य बोलायचं राहून गेलंय.

बाबांना ते सांगायची भीती वाटते, कारण हिशोब डोक्यात आहे. १५ हजार डॉलर म्हटलं की नातेवाईकांचे डोळे विस्फारतात. ती रक्कम सगळ्या स्पर्धेची मिळून असते, पहिल्या फेरीत हरणारीचा विमानखर्चही त्यातून सुटत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुझ्या बाबांना मात्र हे पै न् पै ठाऊक आहे, तेच भरत होते. तरीही ते ‘ती खेळते’ म्हणतात, कारण त्यांना दुसरं काय म्हणायचं ते तू दिलेलं नाहीस.

तू लिहितेस, ‘मी चेंडूंच्या टोपल्या उचलते, व्हॅन चालवते, शेवटच्या कोर्टांवर उभी राहते.’ त्या शेवटच्या कोर्टांबद्दल जरा थांबून बोलू या. कॉलेजच्या लढतीत दुहेरीचे तीन सामने मिळून एकच गुण, मग एकेरीचे सहा सामने आणि सहा गुण. ज्याचे आधी चार, तो संघ जिंकला. पहिल्या कोर्टावर संघातली सर्वात तरबेज खेळाडू असते, शेवटच्या कोर्टांवर मागच्या क्रमांकाच्या, पण पाचव्या कोर्टाचा गुण पहिल्या कोर्टाइतकाच मोलाचा. ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी झाली की, एकाच पॉइंटवर गेम संपतो. आणि प्रशिक्षकाला कोर्टवर जाऊन बोलायची मुभा असते.

तू ज्या टेनिसात वाढलीस तिथे हे नव्हतं. स्टँडमधून कुणी खूण केली तरी पंच ताकीद द्यायचे. नऊ वर्षं तू एकटीने स्वतःला सावरलंस. आता तुला बोलता येतं, आणि तूच लिहितेस की तू फार बोलतेस. आपल्याकडे पेटीची साथ करणाऱ्याकडे बघ. गायिका श्वास घेते तेवढ्यापुरता तो सूर भरतो, तिने तोंड उघडलं की मागे सरतो. त्याची तयारी कमी नसते, पण ऐकणं आधी लागतं. दोन पॉइंटांच्या मध्ये एकच गोष्ट सांग. ‘तिच्या बॅकहँडवर उंच टाक.’ झालं. पुढच्या पॉइंटला गप्प राहा, मनातल्या मनात तिच्या जागी उभी राहून फटका मारू नकोस. हे कठीण आहे, मला कळतंय.

मुख्य प्रशिक्षकांकडे मागणी कर की चार, पाच, सहा ही कोर्टं पूर्ण मोसम तुझ्याकडेच असावीत, म्हणजे त्या मुलींचा खेळ तुला आतून कळेल. आणि आठवड्यातून एकदा बाहेर कुणा बरोबरीच्या बाईशी खेळ, गुण मोजून, जिंकायला. ती भूक दाबून जाणार नाही, तिला तिची जागा दे.

कॉलेज टेनिस ही पडेल जागा आहे असं बाबांना वाटत असेल, तर त्यांना आठवण कर. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत २००७ आणि २००८ साली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचा विजेता झाला. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, आणि २०२३च्या आशियाई खेळांत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. अशा खेळाडूंच्या मागे कोर्टवर कुणीतरी उभं असतंच.

पण हे नंतर. आधी फोन कर आणि ते वाक्य बोल: ‘बाबा, मी खेळणं थांबवलंय. आता मी शिकवते.’ ते गप्प झाले तर होऊ देत. तुला रडू आलं तरी फोन ठेवू नकोस.

मग पुढच्या लढतीची लिंक त्यांना पाठव. तुमच्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा पुण्यात पहाट असेल. त्या वेळी उठायची त्यांना सवय आहे. फक्त सांगून ठेव की पहिलं कोर्ट बघू नका, पाचवं बघा.

तुझी,
मावशी