लिओनार्दो दा विंचीची काळाच्या पुढची आणि घरी पडताळून पाहता येईल अशी वैज्ञानिक कल्पना कोणती?

घर्षणाचे नियम. लिओनार्दो म्हटलं की लोक त्याचं स्क्रूच्या आकाराचं उडतं यंत्र दाखवतात, पण माणसाच्या ताकदीवर ते जमिनीवरून उठलंच नसतं. घर्षण मात्र त्याने मोजलं होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या त्याच्या छोट्या वहीत 1493 च्या सुमाराचं रेखाटन आहे: कप्पीवरून टांगलेलं वजन ठोकळ्यांना ओढतंय. निष्कर्ष दोन. वजन दुप्पट झालं की घर्षणही दुप्पट होतं; टेकलेला पृष्ठभाग लहान-मोठा केल्याने ते बदलत नाही. हेच नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतोंनी मांडले ते थेट 1699 साली, लिओनार्दोच्या अप्रकाशित वह्यांचा पत्ता नसताना.

करून पाहायचं तर 12 × 8 × 4 सेंमीचे दोन सारखे सागवानी ठोकळे घ्या. लांब बाजूंना एकाच नंबरचा पॉलिश पेपर मारा. टेबलाच्या कडेला कप्पी, दोऱ्याच्या टोकाला हलका डबा. डब्यात वाळू हळूहळू सोडा आणि ठोकळा सुटताच डबा वाळूसकट तोला. आधी 12 × 8 ची बाजू खाली ठेवा, मग 12 × 4 ची. क्षेत्रफळ निम्मं झालं तरी वजन साधारण तेवढंच येईल. 8 × 4 ची बाजू वापरू नका. तिथे लाकडाचे रेषे आडवे कापलेले असतात, म्हणजे तो पृष्ठभागच वेगळा. नंतर दुसरा ठोकळा वर ठेवा, की वाळूसकट डब्याचं वजन जवळपास दुप्पट लागेल.

आकडे बिघडतात ते बहुधा दोऱ्यामुळे. दोरा वर तिरका गेला तर तो ठोकळ्याला थोडा उचलतो आणि घर्षण कमी दिसतं. तो टेबलाला समांतर आणि ठोकळ्याच्या तळाशी बांधा, नाहीतर अरुंद बाजूवर ठोकळा पुढे झुकतो. बोटांचं तेल, घट्ट कप्पी हेही नडतं. शिवाय ठोकळा जास्त वेळ पडून राहिला की सुटायला जास्त ओढ लागते, त्यामुळे प्रत्येक वेळी सारखंच थांबा.

एका ठिकाणी लिओनार्दो चुकला. गुळगुळीत वस्तूंचं घर्षण सरसकट वजनाच्या 1/4 असतं असं त्याने लिहिलं (आमोंतोंनी 1/3 धरलं). प्रत्यक्षात हा आकडा पृष्ठभागांच्या जोडीप्रमाणे बदलतो; कोरड्या लाकडावर लाकूड 0.25 ते 0.5 च्या दरम्यान. क्षेत्रफळाने फरक का पडत नाही, हे तर विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी उलगडलं: पृष्ठभाग फक्त सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात, आणि ती खरी टेकण्याची जागा वजनानुसार ठरते.