सासूबाईंचा आमवात आणि मोबाईलवरचे जंत

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही खानापूर तालुक्यातले, घरची भातशेती. सासूबाईंची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, बेळगावला दाखवलं तर रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे म्हणाले, आता स्टेरॉइडच्या गोळ्या चालू करणार आहेत. तेवढ्यात दिरांनी व्हिडिओ दाखवला की पोटात जंत असले की असले ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) आजार होतच नाहीत, जंत मारायला लागल्यापासून हे वाढलेत. आता सासूबाई म्हणतात नातवंडांना शाळेतली जंताची गोळी द्यायची नाही. खरं काय ओ यात?
– एक सून

उत्तर : ताई, व्हिडिओचं नंतर बघू, आधी स्टेरॉइडचं बोलूया कारण ते जास्त घाईचं आहे. सासूबाईंनी एवढी वर्षं रोपलावणीला अनवाणीच चिखलात काम केलं असणार, तर हे गोळी चालू व्हायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक जंत आहे, हुकवर्म या दुसऱ्या जंतासारखाच पायाच्या कातडीतून आत शिरतो, आणि तो आतल्या आत पिल्लं वाढवत पंचवीस-तीस वर्षंसुद्धा राहू शकतो, बऱ्याच जणांना काही त्रासही होत नाही. पण स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली की तोच एकदम फोफावतो, फुफ्फुसापर्यंत जातो, आतड्यातले जिवाणू रक्तात नेतो, माणूस दगावू शकतो हो! म्हणून तपासणी करून घ्या. शी एकदाच तपासली तर तो सापडेलच असं नाही, रक्ताचीही टेस्ट असते. सापडला तर आयव्हरमेक्टिननं जातो, नेहमीची अल्बेंडाझोल त्याच्यावर तेवढी चालत नाही. आणि स्टेरॉइड आधीच चालू झालं असेल तर घाबरून स्वतःहून बंद करू नका, ते अचानक तोडणंही धोक्याचं, तसंच जाऊन डॉक्टरांना विचारा.

आता व्हिडिओ. तो सगळाच खोटा नाही. 1968 साली ब्रायन ग्रीनवुड या डॉक्टरांनी नायजेरियातून लिहिलं होतं की तिथं रूमॅटॉइडसारखे आजार फार कमी दिसतात, याला मलेरिया आणि इतर परजीवी कारण असतील का. जंताला पोटात वर्षानुवर्षं टिकायचं असतं, शरीरानं हाकलू नये म्हणून तो असे पदार्थ सोडतो की रेग्युलेटरी टी पेशी वाढतात, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ब्रेकच दाबला जातो, आणि मग स्वतःच्याच शरीरावरचा हल्लाही थोडा थंडावतो. अर्जेंटिनात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (यात प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते) 12 पेशंटना आपोआपच जंत झालेले होते, त्यांचा आजार बराच शांत राहिला असं 2007 मध्ये छापून आलं, पुढं त्यातल्या काहींना जंताचं औषध द्यावं लागलं तर आजार परत उसळला. मला स्वतःला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण मुद्दाम जंत देऊन बघितलं तेव्हा काय झालं हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. डुकराच्या जंताची अंडी पाजून आतड्याच्या आजारावर 2005 मध्ये फायदा दिसला, नंतर क्रोन्स या आतड्याच्याच आजारावर मोठ्या चाचण्या केल्या तर काहीच फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 71 जणांवर हुकवर्मची चाचणी झाली, 2020 मध्ये निकाल आला, त्या रेग्युलेटरी टी पेशी वाढल्या पण मेंदूच्या स्कॅनमध्ये ठोस फरक नव्हता. आणि जंतांमुळे हे आजार होतच नाहीत असं असतं तर आपल्या भातपट्ट्यात आमवाताचा पेशंटच दिसला नसता की.

नातवंडांना गोळी द्याच. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, पोरं पांढरी पडतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि पुढं कधीतरी आमवात होऊ नये म्हणून आज पोराचं रक्त जाऊ द्यायचं हा सौदा मला अजिबात पटत नाही. 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवसाला शाळेत 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल देतात, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अंगणवाडीत अर्धी. त्या दिवशी पोराला ताप असेल तर बाईंना सांगा, बरं झाल्यावर देतात.