‘यूरी ऑन आइस’ या फिगर स्केटिंगवरच्या जपानी ॲनिमे मालिकेतल्या सारा क्रिस्पिनोने ऐन स्पर्धेत भावाला असं तोडून बोलणं चुकीचं नव्हतं का? आणि तिचं स्वतःचं स्केटिंग का दाखवलं नाही?

चुकीचं? उलट तिने उशीरच केला.

२२ वर्षांची बाई आहे ती. स्वतः इटलीची आंतरराष्ट्रीय स्केटर. आणि हा जुळा भाऊ मिकेले मॉस्कोच्या हॉटेलात तिच्यापुढे दारवान असल्यासारखा उभा. कोणी पुरुष तिच्याशी दोन शब्द बोलला की हा मध्ये. बिचारा एमिल हा स्केटर तर मिकेलेचाच मित्र, पण संशयातून तोही सुटत नाही. बघणारे हसतात. माझ्या मैत्रिणींना तर तो ‘किती गोड’ वाटतो. मला नाही वाटला, कारण असा एक नमुना आमच्या घरात होता.

मी शाळा-कॉलेजात असताना आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करायचे. बर्फ कुठला आपल्याकडे, चार चाकांचे क्वाड्स आणि गुळगुळीत फरशी. बाहेरगावी स्पर्धा असली की घरून परवानगी एकाच अटीवर मिळायची, दादा सोबत जाईल. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सॅल्को आणि फ्लिप या उड्यांमधला फरक आजही सांगता येणार नाही. पण रिंकच्या कडेला छाती काढून बसायचा तो असा, की जणू संघाचा मॅनेजर.

एका राज्य स्पर्धेत फ्री स्केटिंगच्या, म्हणजे संगीतावरच्या लांब कार्यक्रमाच्या, वॉर्म-अपला पाच-दहा मिनिटं उरली होती आणि माझ्या उजव्या स्केटचा टो-स्टॉपर, म्हणजे पुढच्या टोकाचा रबरी ठोकळा, डगडग हलायला लागला. ज्यांनी स्केटिंग केलंय त्यांना सांगायला नको, टो-स्टॉपर ढिला म्हणजे फ्लिप आणि लुट्झ गेलेच, कारण त्या उड्या त्यावरच रोवून घ्यायच्या असतात. आमच्या सरांची पेटी गाडीत राहिलेली. शेजारी दुसऱ्या जिल्ह्याचा एक मुलगा त्याच्या ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या छोट्या पान्याने) स्वतःचे स्क्रू आवळत बसला होता. मी मागितली, त्याने दिली, वर म्हणाला, ‘थांब, मीच आवळून देतो, याला जरा हात लागतो.’ आणि तो माझ्या पायाशी उकिडवा बसला.

झालं. दादा कुठून आला देव जाणे. त्या पोराच्या हातातून की हिसकावली, ‘आम्हाला गरज नाही’ म्हणून त्याच्या बॅगवर फेकली, आणि मला म्हणाला, ‘बस इथेच, मी पाना घेऊन येतो.’ गेला. मैदानाबाहेर पंक्चरवाला शोधायला! पंक्चरवाल्याकडे ॲलन की! इकडे माझा ग्रुप पुकारला गेला. वॉर्म-अप मी सॅल्को, लूप असल्या, टो-स्टॉपर न रोवता चाकांच्या कडेवरून घेता येणाऱ्या उड्यांवर काढला. शेवटी सरांनीच त्या मुलाची माफी मागून की आणली आणि माझं नाव पुकारायच्या आधी स्टॉपर आवळला. फ्लिपची एकही ट्रायल न घेता उतरले, आणि दुसरी फ्लिप हातावर आली. दादा परतला तेव्हा माझे गुण लागले होते. त्याच्या हातात सायकलचा पाना.

परतीच्या एसटीत मी त्याला सांगितलं, पुढच्या वेळी तू येऊ नकोस. एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यावर घरात जे झालं ते काय सांगू. आई आजही सणासुदीला सगळ्यांसमोर म्हणते, ‘भाऊ सोबत जात होता म्हणून ही खेळू शकली, आणि त्यालाच तोडून बोलली.’ तुमच्या प्रश्नात नेमके हेच शब्द दिसले म्हणून लिहायला बसले, नाहीतर कार्टूनवर मी कधी काही लिहीत नाही.

(हो, ॲनिमे. माहीत आहे.)

आता मालिकेबद्दल. सारा भावाला टाकून देत नाही. मी तुझ्याशिवाय स्केट करू शकते, तूही माझ्याशिवाय उभा राहा, एवढंच तिचं म्हणणं. आणि मिकेलेचं काय झालं ते बघा ना. हा माणूस मनात ‘साराला सांभाळतो’ म्हणत बर्फावर उतरायचा. तो आधार काढून घेतल्यावर त्याच्या फ्री स्केटमध्ये पहिल्यांदा त्याचं स्वतःचं काहीतरी दिसतं, निरोप देणाऱ्या माणसाचं. मॉस्कोच्या या स्पर्धेत, रोस्टेलिकॉम कपला, तो तिसरा येतो, म्हणजे चौथ्या आलेल्या मालिकेच्या नायकाच्या, यूरी कात्सुकीच्या वर. फायनलला यूरी जातो तो आधीच्या चीनमधल्या स्पर्धेतल्या रौप्यपदकाच्या जोरावर. मग ऐन स्पर्धेत बोलल्याने मिकेलेचं नुकसान काय झालं? काही नाही. अशी माणसं सांभाळतात ती समोरच्याला नाही, स्वतःला. समोरच्याने ते सांगितलं की त्यांचंच भलं होतं.

तिचं स्केटिंग का नाही दाखवलं? २०१६ची ही मालिका, बाराच भाग. त्यात पुरुषांच्या इतक्या स्केटरांचे शॉर्ट (छोटा) आणि फ्री (लांब) असे दोन्ही कार्यक्रम बसवायचे. ते कार्यक्रम नृत्यदिग्दर्शक केंजी मियामोतोंनी खरोखरचे बसवले, बर्फावर करून दाखवले, मग चित्रकारांनी ते हाताने काढले. एवढ्या कामात महिला एकेरीला जागा उरली नसणार, हा माझा अंदाज. पण राग येतो तो येतोच. खऱ्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे फिगर स्केटिंगच्या या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत, पुरुष आणि महिला एकाच ठिकाणी, त्याच दोन-तीन दिवसांत खेळतात. म्हणजे सारा आणि रशियाची स्केटर मिला बाबिचेवा तिथेच असतात, टाळ्या वाजवायला आणि गप्पा मारायला, आणि आपल्याला त्यांची एक उडीही दिसत नाही. सारा मागे कशी वळते, अ‍ॅक्सलची उडी कशी घेते, काही माहीत नाही. मिकेलेची बहीण, बस्स. भावाने केलं तेच मालिकेनेही केलं, असं मी एकदा मैत्रिणीला म्हणाले तर ती चिडली.

एक मात्र मान्य करते. रात्रीच्या एसटीने अनोळखी गावी मुलगी पाठवायची, ही भीती आमच्या आईबाबांची खोटी नव्हती. क्रिस्पिनोंचं तसं नाही, ते दोघंही मोठे, जग फिरलेले. आणि दादा माझी किट बॅग मुकाट्याने उचलायचा, ती हलकी नसायची. पण त्या कामाला कोणीही चाललं असतं.

तुमच्या घरी असा भाऊ असेल तर स्पर्धेच्या आधी बोला, नंतर बोललात तर हरल्याचा राग काढतेय म्हणतील. मला हेच ऐकावं लागलं. सध्या दादाची मुलगी जिल्हा स्पर्धेला निघाली आहे आणि सोबत कोण जाणार यावर घरात रोज खल चाललाय. मी माझं मत ग्रुपवर टाकलंय: पोरगी सरांबरोबर संघाच्या गाडीतून जाईल, ॲलन की तिच्या स्वतःच्या बॅगेत असेल, आणि दादाने फक्त प्रवेश फी भरावी. आईने अजून त्यावर काही लिहिलेलं नाही.