साताऱ्याच्या डोंगरांत पावसाळ्यात फिरताना कपडे कोणते घालावेत आणि सॅकमध्ये काय ठेवावे?

आपण पावसाळ्यात प्रथमच साताऱ्याकडचे किल्ले पाहायला येत आहात आणि नेहमीची जीन्स व सुती टी-शर्ट चालेल का, शिवाय सुरक्षेसाठी सोबत काय असावे, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्याचाच असल्यामुळे या डोंगरांत बारा महिने फिरणे होते, त्या आधारे लिहितो.

जीन्स कृपया घालू नका. सुती कापड पाणी धरून ठेवते, भिजलेली जीन्स जड होऊन चढावर गुडघ्याला आवळते आणि दिवसभर वाळत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला गेलात की उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, वारा अडवणारे काहीच नसते, आणि ओल्या कपड्यांवरून वाहणारा वारा अंगातली ऊब इतक्या झपाट्याने काढून नेतो की, तापमान पंधरा-वीस अंश असतानाही माणूस गारठतो, त्याची बोबडी वळते आणि पावले अडखळू लागतात. म्हणून लवकर वाळणारी पॉलिस्टरची पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्यांचा तसाच टी-शर्ट आणि वर टोपीचे विंडचीटर घ्यावे. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात छत्रीचा उपयोग होत नाही.

कोरड्या कपड्यांचा एक जोड, मोजे आणि कानटोपी यांसह, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, तोंडाला पीळ देऊन रबराने बांधावा. सॅकचे रेनकव्हर पाठीकडून पाणी आत येऊ देतेच. हा जोड चालताना वापरायचा नाही. थांबल्यावर, किंवा कोणी कुडकुडू लागल्यास, तोच कामी येतो, त्यामुळे माझ्या मते सॅकमधली ही सर्वांत मोलाची वस्तू आहे.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बोटांपुढे अर्धा इंच जागा उरते का ते पाहावे, नाहीतर सज्जनगडाच्या पायऱ्या उतरतानाही नखे दुखावतात. तळ खोल नक्षीचा, मऊ रबराचा असावा. तरीही शेवाळलेल्या जांभ्या दगडावर कोणताही बूट घसरतो, तेथे काठीच आधार देते. घोटा झाकणारा बूट आणि पूर्ण पँट काट्यांपासून वाचवतात व फुरसे या विषारी सापापासूनही थोडे संरक्षण देतात. मात्र दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नये.

सुरक्षा-साहित्य निवडताना आपल्याला उतरायला अंधार होणार आहे, असे धरून चालावे. प्रत्येकाजवळ स्वतःचा हेडटॉर्च हवा, कारण मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि फोनची बॅटरीही संपते. गळ्यात शिट्टी असावी: मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा वाजवायचे, हा मदतीचा संकेत आहे. रेंज असेल तेथे ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा, परंतु कोयनेच्या खोऱ्यात फोनवर विसंबू नये. क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक मलम, स्वतःची नेहमीची औषधे आणि दोन लिटर पाणी एवढे पुरते. अत्तर मात्र लावू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने ती उठू शकतात.

दोर घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. तो बांधायला आणि वापरायला जाणकाराकडून शिकला नसाल, तर नेऊ नका. ज्या वाटेला दोर लागतो ती वाट पावसाळ्यात टाळावी.